गोळ्यांनी फिट थांबत नसेल तर

फिट आली की घरात धावपळ उडते. कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडतो. दोन-तीन मिनिटांत फिट आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते! ते असो.

फेफऱ्याच्या दहा रोग्यांपैकी सहा-सातांची फिट नियमित गोळ्यांनी ताब्यात राहते. उरलेल्यांचे काय? नीट निवडलेली दोन औषधे, पुरेशा मात्रेत, एकही दिवस न चुकवता घेऊनही फिट येतच असेल, तर तिसऱ्या-चौथ्या औषधाने ती पूर्ण थांबेल ही आशा थोडीच. मग मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा. आपल्याकडे तो होतो, पण दहा-वीस वर्षे उलटल्यावर. तोवर मुलाची शाळा सुटलेली असते, कोणी चुलीवर पडून भाजलेले असते.

शस्त्रक्रिया सर्वांना चालत नाही. फिट मेंदूच्या एकाच जागेतून उठत असावी, आणि ती जागा काढल्याने बोलणे, चालणे अडू नये. कानशिलाच्या आतल्या भागातली फिट यासाठी पुष्कळदा सोयीची ठरते. तीत रोगी पडतोच असे नाही. पोटातून काही वर चढल्यासारखे वाटते, मग तो टक लावून बघतो, ओठ चाटतो, हाताने कपडे चाचपतो. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले. एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी या तपासण्यांतून जागा शोधतात. त्यासाठी काही दिवस रुग्णालयात राहावे लागते.

दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांचा अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा ७७ मुलांची फिट थांबली होती, नुसत्या औषधांवरच्यांपैकी शेकडा ७ जणांची. मात्र शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे चौथा हिस्सा मुलांच्या एका बाजूची ताकद गेली. काही शस्त्रक्रियांत हे आधीच अपेक्षित असते, म्हणून संमती देण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गोळ्याही लगेच सुटत नाहीत.

तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून या शस्त्रक्रिया होतात. मुंबई-पुण्याकडील मेंदूविकार तज्ज्ञही मार्ग दाखवतील. जाताना जुने कागद, फिटच्या तारखांची वही आणि मोबाईलवर फिटचे चित्रण घेतले असेल तर तेही न्या. फिट डोळ्यांनी पाहिलेला घरचा माणूस बरोबर असू द्या. रोग्याला स्वतःला बहुधा काही आठवत नसते.