लंडनमधले आपले घर



लंडन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे घड्याळाचा मनोरा, राजवाडा आणि मेणाचे पुतळे येतात. तिथे गर्दी मोठी असते आणि आत शिरायचे तर बहुतेक ठिकाणी तिकीट महाग पडते. भिसेगावापासून खोपोलीपर्यंतच्या आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता परदेशी शिकायची भाषा बोलतात. उद्या एखादी लेक तिकडे गेली आणि तिने आई-वडिलांना बोलावले, तर तिला सुट्टी मिळणार ती दोन-तीन दिवसांची. तेवढ्यात काय पाहावे, हा साधा प्रश्न आहे. आमचे उत्तर असे, की सगळे जग जे पाहते ते शेवटी पाहा. आधी आपले घर पाहा.

होय, लंडनमध्ये आपले घर आहे. पत्ता : १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ साली विद्यार्थी म्हणून या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. सरकारी तिजोरीत पैसा येतो कुठून? भिसेगावच्या दुकानात साबणाची वडी घेताना आपण जो कर भरतो, त्यातूनच. तेव्हा दारात उभे राहिल्यावर बिचकू नका. त्या विटांत तुमचाही वाटा आहे.

ट्यूब रेल्वेच्या नकाशावर काळ्या रंगाची नॉर्दर्न लाइन शोधा आणि चॉक फार्म स्टेशनला उतरा. तिथून घर चालण्याच्या अंतरावर आहे. भिंतीवरच्या निळ्या गोल पाटीवर बाबासाहेबांचे नाव दिसेल. उघडण्याची वेळ मात्र आधी विचारून घ्या.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही लोकवस्तीची शांत गल्ली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी आणि आवाज यावरून काही शेजाऱ्यांनी तक्रार केली होती. तिथल्या कॅम्डेन कौन्सिलने २०१८ साली म्युझियमची परवानगी नाकारली. २०१९ साली जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारने परवानगी दिली. एवढ्या खटपटीने राखलेले हे दार आहे. गल्लीत हळू बोला, घोषणा मनात द्या, शेजाऱ्याच्या पायरीवर डबा उघडून बसू नका.

डबा खायला जवळच प्रिमरोज हिल आहे. आपल्या माथेरानपुढे ही टेकडी म्हणजे शेताचा बांध! पण माथ्यावर बसले की अर्धे लंडन समोर पसरलेले दिसते. पैसे पडत नाहीत.

दुसरा दिवस पायी फिरण्याचा. होबर्न स्टेशनला उतरले की तीन ठिकाणे चालत होतात. पहिले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. बाबासाहेब १९१६ साली इथे दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा आले, १९२१ साली एम. एस्सी. झाले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्सी. मिळाली. संस्थेत त्यांचा अर्धपुतळा आहे. आत सोडतात का, ते दारावर विचारा. बाहेर रस्त्यावर २०१९ साली बसवलेला पृथ्वीचा मोठा गोल आहे. तो उलटा ठेवला आहे. दक्षिण ध्रुव वर, उत्तर खाली. खालचे वर आणि वरचे खाली केल्यावर जग कसे दिसते, ते मुलांना नक्की दाखवा.

दुसरे ठिकाण ग्रेज इन. बाबासाहेब १९२२ साली इथूनच बॅरिस्टर झाले. २०२१ साली या संस्थेने आपल्या एका खोलीला त्यांचे नाव दिले. ती खोली पाहायला मिळेलच असे नाही, पण कामाच्या दिवशी दुपारी तिथली बाग लोकांसाठी उघडी असते. घटकाभर टेका.

तिसरे ब्रिटिश म्युझियम. प्रवेशाला पैसे नाहीत. मधल्या चौकात जुन्या वाचनालयाची गोल इमारत उभी आहे. ग्रंथ आता सेंट पँक्रसच्या नव्या इमारतीत गेले, पण बाबासाहेब दिवसदिवस वाचत बसत ते इथे. त्या काळात रात्रीची भूक ते पापड भाजून भागवत, असे धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. लंडनमध्ये महागडे जेवण परवडले नाही म्हणून कुणाला कमीपणा वाटला, तर हा पापड आठवावा.

याच म्युझियममध्ये अमरावतीची शिल्पे आहेत. आंध्रातल्या कृष्णाकाठच्या स्तूपाचे हे कोरीव चुनखडीचे दगड १८५९ साली जहाजाने लंडनला पोचले आणि १८८० साली म्युझियमकडे आले. काही जुन्या शिळांवर बुद्धाची मूर्ती नाही. रिकामे आसन, बोधिवृक्ष, पावलांच्या खुणा आहेत आणि लोक त्यांना वंदन करीत आहेत. ‘अमरावती कुठे आहे?’ असे तिथल्या माणसाला विचारा, तो काचेच्या दालनाकडे बोट दाखवील.

आता खर्चाच्या चार गोष्टी. बस ट्यूबपेक्षा स्वस्त पडते, आणि तासाभराच्या आत दुसरी बस धरली तर पुन्हा भाडे लागत नाही. मात्र बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागते. सामानात चटणी, पापड, लाडू खुशाल न्या, पण मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका. आपल्याकडून तिकडे ते नेण्यास बंदी आहे. पेढे इथेच वाटून टाका. लाडूही तुपाऐवजी तेलातले करा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही, म्हणून अर्ज भरताना घाई करू नका. ‘व्हिसा पक्का करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या हाती पैसे ठेवू नका.

शेवटचे आणि महत्त्वाचे. दागिना गहाण टाकून किंवा व्याजाने पैसे काढून लंडन पाहू नका. ज्या माणसाने पापडावर रात्र काढून पदवी मिळवली, त्याचे घर पाहण्यासाठी लेकराची फी मोडणे शोभणार नाही. फी आधी, सहल नंतर.

आणि ज्यांना जाणे जमणार नाही त्यांनी हळहळू नये. राजमाचीच्या पायथ्याला कोंडाणे लेणी आहेत. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत रिक्षा आणि पुढे रानातून पायवाट. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले चैत्यगृह आणि विहार तिथे आहेत. दर्शनी भाग बराच ढासळला आहे, तरी कोरीव काम अजून दिसते. अमरावतीचे दगड जहाजात चढवता आले. कोंडाण्याचा डोंगर कुणाला उचलून नेता आला नाही. पावसाळ्यात वाट निसरडी असते, म्हणून दिवाळीनंतर एखाद्या रविवारी भाकरी बांधून पोराबाळांसह निघा आणि लंडनच्या घराची गोष्ट त्यांना त्या लेण्यात बसून सांगा.