कुत्रा काठीने शिकत नाही

खेडच्या रस्त्यांवर सकाळी एक दृश्य हमखास दिसते. कुत्रा ऐकत नाही आणि मालक काठी उगारतो आहे. माझ्या मते चूक मालकाची असते.

शेजारचा गावठी कुत्रा चिमूटभर सुकटीसाठी हाकेसरशी धावत येतो. आमचा मोत्या सुकट हुंगतही नाही. त्याला चेंडू लागतो. ओरडले की मोत्या शेपूट घालून पडवीच्या कोपऱ्यात शिरतो, शेजारच्याला ओरडण्याचे काहीच वाटत नाही. एकटे बांधले की मात्र तो खचतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत स्फोटके हुंगून काढणाऱ्या पोलिसांच्या 'जंजीर'ला आरडीएक्सशी काय देणेघेणे होते? अशा कुत्र्यांना वास सापडला की चेंडू किंवा खाऊ मिळतो. त्यासाठी ती राबतात.

आरोग्याच्या सदरात हे कशाला, असे वाचक विचारतील. काठीने गुरगुरणे थांबते, भीती थांबत नाही. मग कुत्रा न गुरगुरताच चावतो, आणि बहुधा घरातल्या मुलालाच. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना भरू नये आणि त्याच दिवशी लशीसाठी सरकारी दवाखाना गाठावा.

मोत्या फटाक्यांना अजून भितो. गणपतीत मी त्याला मागच्या खोलीत ठेवतो, चेंडूसकट.