फोन आज काय करतो, ते बघून घ्या

२० जुलै २०२३, गुरुवार. सकाळी साडेदहाच्या सुमाराला महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांचे फोन एकाएकी कर्कश वाजायला लागले. असा आवाज आपल्या फोनमध्ये आहे हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. पडद्यावर इशाऱ्याची चौकट आली होती आणि ही दूरसंचार विभागाची चाचणी आहे, असं तिच्यात लिहिलं होतं. आदल्या रात्री साडेदहा-अकराच्या दरम्यान आमच्याच खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती. वर जायला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकं भर पावसात पायी डोंगर चढत होती. २३ जुलैला शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती.

चाचणी एक दिवस आधी झाली असती तर वाडी वाचली असती, असं मी म्हणणार नाही. इशारा द्यायचा तर दरड कुठे कोसळणार हे आधी कुणाला तरी कळावं लागतं आणि इर्शाळवाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हतं. तरीही ती सकाळ माझ्या मनातून जात नाही. जीव वाचवू शकेल अशी एक सोय आपल्या फोनमध्ये येत होती आणि तिची वाट आमच्यापैकी कुणीही पाहत नव्हतं. वाट पाहत होतो ती दुसऱ्याच कशाची तरी.

कशाची, ते शिळफाट्यावर ऐकायला मिळतं. हा शिळफाटा मुंब्र्याकडचा नाही, आमचा खोपोलीचा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. इथे एसटीची वाट बघणारी कॉलेजची मुलं असतात, पाळी सुटलेले कामगार असतात, रिक्षावाले असतात. प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि बोलणं बरेचदा फोनवरच येतं. पुढच्या अपडेटमध्ये बॅटरी जास्त टिकणार म्हणे. कॉल रेकॉर्डिंग परत येणार म्हणे. फोन आपोआप सगळ्याचं मराठीत भाषांतर करणार म्हणे. माझ्या मॉडेलला मिळणार की नाही? घ्यायचा तर आत्ता घेऊ, की नवीन व्हर्जन आल्यावर?

अंदाज बांधण्यात वाईट काही नाही. पावसाचे बांधतो, निवडणुकीचे बांधतो, तसे फोनचेही बांधावेत. पोरांच्या त्या गप्पांमधली हुशारी मला आवडते. पण त्या अंदाजावर पैसे लावू नका, हे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. तुमच्या घामाचे पैसे, बारा-बारा महिन्यांचे हप्ते, त्यावर लावू नका.

आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी वडिलांसाठी हप्त्यावर फोन घेतला. वडिलांना बारीक अक्षरं टाइप करता येत नाहीत, बोटं थरथरतात. दुकानात त्यांना सांगितलं गेलं, "दोन महिन्यांत अपडेट येतंय, मग बाबा नुसतं बोलतील आणि फोन मराठीत लिहील." हे ऐकून ताईंनी बजेटपेक्षा तीन हजार जास्त मोजले. दोन महिने गेले, दिवाळी गेली, हप्ते फिटत आले. अपडेट आलंच नाही. बाबा आपले एकेका मेसेजसाठी नातवाला हाका मारत बसायचे.

एक दिवस फोन माझ्या हातात आला. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली आणि माइकच्या चिन्हावर बोट ठेवलं. बाबा म्हणाले, "भात लावणी झाली का?" आणि ते शब्द देवनागरीत उमटले. मराठीत बोलून टाइप करण्याची ही सोय गूगलने ऑगस्ट २०१७ मध्येच दिली आहे. ताईंच्या फोनमध्ये ती पहिल्या दिवसापासून होती. स्वस्त फोनमध्येही असती. ज्याच्यासाठी तीन हजार जास्त गेले, ते खिशातच होतं.

म्हणून पुढच्या अपडेटची चौकशी करण्याआधी हातातल्या फोनची चौकशी करा. एखाद्या रविवारी दुपारी चहा घेऊन बसा आणि सेटिंग्जची पानं एकेक करून उघडा. अक्षर मोठं कसं करायचं, पडद्यावरचं वाचून कसं दाखवायचं, फोन हरवला तर तो दुसऱ्या फोनवरून कसा शोधायचा, हे सगळं तिथे आहे.

आता हे अंदाज येतात कुठून, तेही समजून घ्या. गूगल आणि ॲपल नवी प्रणाली बाजारात आणण्याच्या काही महिने आधी तिची कच्ची आवृत्ती देतात. तिला बीटा म्हणतात. जगभरातले जाणकार तो बीटा उघडून आतल्या कोडमध्ये शोधाशोध करतात. एखाद्या न आलेल्या सोयीचं नाव तिथे सापडलं की लगेच "लीक" म्हणून बातमी होते आणि तीन दिवसांत तिचा मराठी व्हिडिओ शिळफाट्यावर पोचतो. पण कोडमध्ये नाव सापडणं म्हणजे घराचा नुसता नकाशा सापडणं. कंपन्या अनेक गोष्टी करून बघतात आणि त्यातल्या बऱ्याच गुपचूप काढून टाकतात.

आयपॅडचंच बघा. तो २०१० मध्ये आला. एवढ्या महागड्या टॅबमध्ये साधं कॅल्क्युलेटर नव्हतं. यंदा येणार, यंदा नक्की येणार, असं किती वर्षं चाललं होतं. ते आलं २०२४ मध्ये. चौदा वर्षं! ज्याला हिशेब करायचे होते त्याने तोवर दुसरं ॲप टाकून काम भागवलं आणि तेच शहाणपणाचं होतं.

बरं, लीक सोडा. कंपनीने स्वतः स्टेजवरून सांगितलेलंही वेळेवर येतंच असं नाही. ॲपलने जून २०२४ मध्ये जाहीर केलं की तुमचे मेसेज, तुमचे बेत समजून घेऊन मदत करणारी नवी सिरी येणार. त्याच्या जाहिराती झाल्या, त्या जोरावर नवे फोन विकले गेले आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने ती सोय लांबणीवर टाकल्याचं सांगितलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे होत असेल, तर काउंटरवरच्या मुलाच्या शब्दावर किती विसंबायचं?

आणि सोय खरंच आली, तरी ती तुमच्या फोनपर्यंत यायला लांबचा घाट चढावा लागतो. ॲपलच्या नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ज्या सोयी आल्या, त्या आधी अमेरिकन इंग्रजीत आल्या. भारतीय इंग्रजी समजायला एप्रिल २०२५ उजाडलं. त्याही आयफोन १५ प्रो किंवा त्यापुढच्याच फोनला. अँड्रॉइडमध्ये तर आणखी वळणं आहेत. अँड्रॉइड १६ हे १० जून २०२५ ला आलं, ते आधी गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनवर. बाकी कंपन्या त्यावर आपलं काम चढवतात, तपासतात, मग एकेका मॉडेलला टप्प्याटप्प्याने सोडतात. महागड्या मॉडेलला आधी, दहा हजारांच्या फोनला शेवटी. कधी कधी येतच नाही. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ खरा असतो, पण तो दुसऱ्याच्या फोनबद्दलचा असतो.

दुकानात खरोखर विचारायचा प्रश्न वेगळा आहे. "याला सुरक्षेची अपडेट किती वर्षं मिळणार?" गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस २४ साठी सात वर्षांचं आश्वासन दिलं. ते फोन आपल्यातल्या बहुतेकांच्या आवाक्यातले नाहीत, हे मला माहीत आहे. पण स्वस्त फोनमध्येही फरक असतो. एकाला दोन वर्षं, दुसऱ्याला चार. पाचशे रुपये जास्त देऊन चार वर्षांचा मिळत असेल तर तो घ्या. आणि दुकानातला म्हणाला की एखादी सोय "येणार आहे", तर ती बिलावर लिहून मागा. लिहून देत नसेल तर ती नाहीच, असं धरून भाव ठरवा.

टॅबचंही तेच. महाज्योतीसारख्या संस्थेकडून मुलाला अभ्यासाला टॅब मिळाला असेल, तर त्यात पुढे काय येईल यात मुलाचा वेळ जाऊ देऊ नका. तो आज जे व्हिडिओ दाखवतो, त्यावरच यंदाची परीक्षा आहे.

या अंदाजांमागे आणखी एक धोका आहे आणि तो नुसत्या तीन हजारांवर थांबत नाही. जून २०२३ मध्ये मुंबई पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं, ते "पिंक व्हॉट्सॲप"बद्दल. मेसेज फिरत होता की व्हॉट्सॲपचं नवीन अपडेट आलंय, रंग गुलाबी होतो, जास्तीच्या सोयी मिळतात, या लिंकवर टिचकी मारा. लिंकवर गेलं की एक फाइल उतरायची. ती टाकली की फोनमधले नंबर, फोटो, ओटीपी, सगळं परक्याच्या हाती जाण्याचा धोका होता. ठगांनी नवीन काही शोधलं नव्हतं. "इतरांच्या आधी मला मिळावं" ही आपली हौस त्यांनी बरोबर ओळखली होती.

पोरांनो, घरातल्या मोठ्यांना हे एकदा बसवून सांगा. फोनचं अपडेट फोनच्या सेटिंग्जमधून येतं, ॲपचं प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून. व्हॉट्सॲपच्या मेसेजमधून अपडेट येत नाही, मग तो मेसेज सख्ख्या मामाने पाठवलेला असो. नावाच्या शेवटी एपीके असं लिहिलेली फाइल मेसेजमधून आली तर उघडायचीच नाही. चुकून उघडलीच आणि पैसे गेले, तर घरच्यांच्या भीतीने गप्प बसू नका. फोनचं इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवा. पहिल्या तासाला फार किंमत आहे.

याच्या उलट टोकाची माणसंही भेटतात. अपडेट मारलं की फोन स्लो होतो, म्हणून दोन-दोन वर्षं काहीच टाकत नाहीत. त्यांची भीती अगदीच निराधार नाही. जुनी बॅटरी असलेल्या आयफोनचा वेग आपण अपडेटमधून कमी केला, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं होतं. म्हणून मोठी नवीन आवृत्ती आली तर आठ-पंधरा दिवस थांबा, तुमच्याच मॉडेलवाल्या दुसऱ्या कुणाचा अनुभव विचारा, फोटोंची नक्कल काढून ठेवा, मग टाका. पण सुरक्षेच्या छोट्या अपडेटला असं थांबवू नका. ज्या फोनवरून तुम्ही गॅसचे, किराणाचे पैसे देता, त्याच्या दाराला ती कडी आहे. जागा नाही अशी तक्रार फोन करत असेल, तर आधी सुप्रभातचे व्हिडिओ पुसा.

पुन्हा त्या सकाळच्या आवाजाकडे येतो. ही सोय टॉवरवरून एकदम परिसरातल्या सगळ्या फोनना इशारा पाठवते. तिला इंटरनेट लागत नाही, बॅलन्स लागत नाही, तुमचा नंबरही लागत नाही. फोन बंद असेल किंवा विमानाचं चिन्ह चालू असेल, तर मात्र ती पोचत नाही. जिथे रेंजच नाही तिथेही पोचत नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या वाड्यांना पुढच्या कोणत्याही फीचरपेक्षा आधी रेंज हवी आहे. ग्रामसभेत बोलायचं असेल तर हे बोला, हीच मागणी लावून धरा. आयफोनवरून थेट उपग्रहाला संदेश जातो, असं ट्रेकला येणारी मुलं सांगतात. ती सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली ती अमेरिका आणि कॅनडात. तिच्या भरवशावर पावसाळ्यात कुणी आमच्या डोंगरात शिरू नये. ११२ हा नंबर मात्र लक्षात ठेवा. तुमच्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कंपनीची असली, तरी तो लागू शकतो.

तेव्हा आज एवढं करा. सेटिंग्ज उघडा. अँड्रॉइडवर सुरक्षा आणि आपत्कालीन असा भाग असतो, त्यात वायरलेस इमर्जन्सी अलर्ट सापडेल. नाही सापडलं तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत अलर्ट लिहून बघा. आयफोनवर नोटिफिकेशन्सच्या पानावर अगदी तळाशी जा. बटण बंद असेल तर चालू करा. तेवढा कर्कश आवाज नको म्हणून कुणी ते बंद करून ठेवलं असेल, तर त्याला समजावून सांगा. भात कापणीला शेतात जाणाऱ्यांनी विजेची सूचना देणारं दामिनी ॲप टाकून घ्या. ते पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने केलं आहे आणि फुकट आहे. मग आईचा फोन घ्या, बाबांचा घ्या, शेजारच्या आजींचा घ्या आणि तीच बटणं त्यांच्याही फोनमध्ये चालू करून द्या. पाऊस सुरू व्हायच्या आधी करा.