विश्लेषण : जुन्या मोटारीचे ‘एबीएस’ काढून साधे ब्रेक बसवावेत का?

दहा-बारा वर्षे वापरलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि विझत नाही. गॅरेजमध्ये निदान होते, ‘मॉड्यूल गेले’. नवे मॉड्यूल मोटारीच्या उरलेल्या किमतीकडे पाहता परवडणारे नसते. मग सल्ला येतो : ‘काढून टाकू, पाइप डायरेक्ट जोडू. पूर्वी कुठे होते एबीएस?’ हा युक्तिवाद वरवर पटतो, कारण एबीएसविना मोटारी अनेक दशके धावल्याच. पण एबीएसशिवाय घडवलेली मोटार वेगळी आणि एबीएस उपटून काढलेली मोटार वेगळी.

एबीएस नेमके काय करते?

जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचे थांबते, पण मोटार घसरत पुढे जात राहते. लॉक झालेल्या पुढच्या चाकांना स्टिअरिंग जुमानत नाही. एबीएसमध्ये चाकांजवळचे सेन्सर त्यांचा वेग मोजतात. एखादे चाक लॉक होण्याच्या बेतात आले की मॉड्यूलमधले व्हॉल्व्ह त्या चाकाचा दाब क्षणभर सोडतात आणि पुन्हा वाढवतात. पावसात अचानक ब्रेक मारल्यावर पायाखाली पेडल थरथरते ते यामुळेच. बॉशने ही इलेक्ट्रॉनिक प्रणाली १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणली. त्या रचनेत, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत, मॉड्यूल हे मास्टर सिलिंडर आणि चाके यांच्या मधे बसवलेले असते. वीज गेली तर व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि ब्रेक ऑइल नेहमीसारखे चाकांपर्यंत पोहोचते. म्हणून नुसता पिवळा दिवा लागला तर मोटार थांबते, फक्त चाके लॉक होऊ शकतात. मात्र त्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर प्रकरण गंभीर आहे. ब्रेक ऑइल कमी झाले असेल किंवा मागच्या-पुढच्या ब्रेकची वाटणीही बंद पडली असेल. अशा वेळी हळू चालवत थेट गॅरेज गाठावे, पेडल खोल जात असेल तर जागीच थांबावे.

दिवा लागला म्हणजे मॉड्यूलच गेले का?

बहुतेकदा नाही. चाकाजवळचा सेन्सर चिखल, पाणी आणि खड्डे झेलत असतो. त्याची वायर घासून तुटते. सेन्सर ज्या दातेरी रिंगकडे पाहतो ती गंजून तडकते. काही मोटारींत ही रिंग बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टीच्या रूपात असते. तिथे बेअरिंग उलट्या बाजूने बसवले तरी दिवा लागतो, आणि मेकॅनिक मॉड्यूलला दोष देत राहतो. शिवाय कमजोर बॅटरी, सैल अर्थिंग, उडालेला फ्यूज, बिघडलेला रिले हीदेखील कारणे असतात. स्कॅनर लावून कोड वाचला तर बिघाड कोणत्या चाकाचा आहे ते कळते. त्या चाकाच्या सेन्सरची तपासणी न करता मॉड्यूलवर शिक्का मारणाऱ्या गॅरेजमधून मोटार बाहेर काढलेली बरी. मॉड्यूलच बिघडले असेल तरी अनेकदा दोष त्याच्या इलेक्ट्रॉनिक भागात असतो, हायड्रॉलिक भागात नव्हे. तो भाग वेगळा काढून दुरुस्त करणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. त्याच मॉडेलचे, त्याच पार्ट नंबरचे जुने मॉड्यूलही मिळू शकते. डायरेक्ट करण्याआधी एवढे सगळे पर्याय उरतात.

खरा धोका मागच्या चाकांत का?

ब्रेक दाबताच मोटारीचे वजन पुढे सरकते आणि मागची चाके हलकी होतात. दाब सगळीकडे सारखाच दिला तर मागची चाके आधी लॉक होतात. पुढची लॉक झाली तर मोटार सरळ घसरते. मागची आधी लॉक झाली तर मोटारीचे शेपूट फिरते आणि बघता बघता ती आडवी होते. जुन्या साध्या मोटारींत यावर उपाय म्हणून मागच्या ब्रेककडे जाणारा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह असे. काही मोटारींत तो मागच्या अॅक्सलला दांडीने जोडलेला असे, म्हणजे डिकीत सामान असले की दाब आपोआप वाढे. एबीएस आल्यावर हे काम ‘ईबीडी’ या नावाने त्याच मॉड्यूलकडे गेले आणि अनेक मोटारींतून तो यांत्रिक व्हॉल्व्ह काढून टाकण्यात आला.

आता मॉड्यूल काढून पाइप सरळ जोडले तर काय होते? मागच्या ब्रेकवर लगाम उरत नाही. सुक्या रस्त्यावर, सिग्नलला थांबताना काहीच जाणवत नाही आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. फरक कळतो तो ओल्या घाटातल्या वळणावर, एकटा चालक आणि रिकामी डिकी असताना. ‘डायरेक्ट करू’ म्हणणाऱ्याने मागच्या दाबाचे काय करणार ते सांगितले नाही, तर त्याला प्रश्न समजलेलाच नाही.

अमेरिकेत लोक ते का काढतात?

तिकडे या कामाची परंपरा जुनी आहे आणि कारण वेगळे आहे. १९८०च्या दशकात टेव्हिस कंपनीची ‘मार्क टू’ प्रणाली लिंकन मार्क सेव्हन, फोर्ड थंडरबर्ड टर्बो कूप, साब ९००० आणि युरोपातली फोर्ड स्कॉर्पिओ (महिंद्राची नव्हे) यांसारख्या मोटारींत बसवली गेली. तिच्यात मास्टर सिलिंडर, बूस्टर, विजेचा पंप आणि दाब साठवणारा गोळा हे सारे एकत्र जोडलेले होते. व्हॅक्यूम बूस्टर नव्हताच. पंप गोळ्यात सुमारे १४० ते १८० बार दाब भरून ठेवी आणि मागचे ब्रेक थेट त्याच दाबावर चालत. त्यामुळे पंप किंवा गोळा गेला की केवळ एबीएस जात नसे. पेडल दगडासारखे कडक होई आणि मागचे ब्रेकही हातचे जात. पुढे हे सुटे भाग दुर्मीळ आणि महाग झाले. अशा मोटारीत साधे ब्रेक बसवणे हा आळस नव्हे, मोटार रस्त्यावर ठेवण्याचा प्रामाणिक मार्ग आहे.

पण तिथेही काम एक डबा काढण्यापुरते नसते. त्याच सांगाड्यावरच्या, एबीएस नसलेल्या मोटारीचे व्हॅक्यूम बूस्टर, मास्टर सिलिंडर, पेडल आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह असा पूर्ण संच आणावा लागतो. टर्बो इंजिनात दाबाची हवा बूस्टरमध्ये शिरू नये म्हणून चेक व्हॉल्व्ह नीट चालतो ना, हे पाहावे लागते. जुनी प्रणाली उघडण्याआधी इग्निशन बंद ठेवून पेडल किमान वीस वेळा दाबून गोळ्यातला दाब उतरवायचा असतो. तो न उतरवता पाइप सैल करणाऱ्याच्या अंगावर, डोळ्यांत ब्रेक ऑइल उडू शकते.

आपल्याकडे करायचेच असेल तर?

भारतात एक सोय होती. बरीच वर्षे एकाच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला एबीएस मिळे आणि खालच्याला नाही. म्हणजे कंपनीनेच त्या मोटारीचे साधे ब्रेक आखलेले आहेत. उत्तर तिथे शोधावे. खालच्या व्हेरियंटचे मास्टर सिलिंडर, बूस्टर, व्हॉल्व्ह आणि पाइप पार्ट नंबर ताडून घ्यावेत. मागे ड्रम की डिस्क हा फरक असेल तर व्हॉल्व्ह एकाचा आणि ब्रेक दुसऱ्याचे असे चालणार नाही. मास्टर सिलिंडरचा व्यास बदलला तर पेडलचा प्रवास आणि जोरही बदलतो. पाइपची टोके योग्य प्रकारच्या फ्लेअरने बसवायची आणि साधा तांब्याचा पाइप वापरायचा नाही. शेवटी चारही चाकांची हवा काढून रोलर ब्रेक टेस्टरवर मागचा-पुढचा जोर तपासून घ्यायचा. एबीएस नसलेला व्हेरियंट त्या मॉडेलला कधीच नव्हता, तर हा विषय सोडून द्यावा.

एबीएसने खरेच जीव वाचतात का?

हा आक्षेप निराधार नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २००९च्या अहवालात प्राणघातक अपघातांवर एबीएसचा एकूण परिणाम जवळपास शून्य आढळला. इतर अपघात मोटारींमध्ये सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाले. सैल खडीवर तर लॉक झालेले चाक पुढे खडीचा ढीग करून लवकर थांबते. पण हे आकडे सुस्थितीतल्या साध्या ब्रेकशी केलेल्या तुलनेचे आहेत, अर्धवट उचकटलेल्या एबीएसशी नव्हे. शिवाय स्थिरता नियंत्रण एबीएसच्याच मॉड्यूलवर आणि सेन्सरवर चालते. ते असलेल्या मोटारीत एबीएस काढणे म्हणजे दोन्ही गमावणे.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. त्यानंतरच्या मोटारीचे एबीएस काढणे म्हणजे नियमाने बसवलेले उपकरण काढणे होय. त्याआधीच्या मोटारींना ही सक्ती नव्हती आणि आरसीवर एबीएसचा उल्लेखही नसतो, अशी पळवाट सांगितली जाते. पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारणे शहाणपणाचे. न कळवता केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात पुढे येतो.

जुनी मोटार घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. काही जण दिव्याचा बल्ब काढतात. काही त्याहून हुशार असतात. ते एबीएसच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतात, म्हणजे किल्ली फिरवल्यावर तो लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. त्यामुळे दिव्यावर विसंबू नये. स्कॅनर लावून एबीएसचे मॉड्यूल उत्तर देते का पाहावे. मोकळ्या, सुरक्षित जागी ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जोरात ब्रेक दाबून पेडल थरथरते का हेही तपासावे.