मशीन उघडणारा चोर, बंद ठेवणारा साव?

२१ ऑगस्ट २०१० रोजी महाराष्ट्र पोलिसांनी संगणक अभियंता हरी प्रसाद यांना हैदराबादमधल्या घरातून अटक करून मुंबईला आणले. मुंबईच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ताब्यातले एक ईव्हीएम चोरीला गेले आणि त्यांनी ते अभ्यासाला वापरले, असा आरोप होता. मशीन कोणी दिले, त्याचे नाव पोलिसांना हवे होते. त्या मशीनमध्ये काय सापडले, हे कोणाला विचारावेसे वाटले नाही. आठवडाभराने त्यांना जामीन मिळाला.

सापडले होते ते गंभीर होते. हरी प्रसाद, अमेरिकेतले प्राध्यापक अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गाँग्रिप यांनी मशीन उघडून त्याचे काम समजून घेतले. यालाच रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. मूळ आराखडा हातात नसताना तयार वस्तू उलगडून ती कशी चालते हे शोधायचे. त्यांनी दोन गोष्टी करून दाखवल्या. निकाल दाखवणारा भाग बदलून हुबेहूब दिसणारा दुसरा बसवला, तर मोजणीच्या वेळी खोटे आकडे दाखवता येतात. आणि मतदान ते मोजणी या मधल्या दिवसांत एक छोटे उपकरण मेमरी चिपला लावून नोंदलेली मतेच बदलता येतात. अमुक निवडणुकीत घोटाळा झाला, असे त्यांनी म्हटले नव्हते. घोटाळा होऊ शकतो, एवढेच ते सांगत होते.

यावर ठरलेले उत्तर येते, की मशीन सीलबंद असते, पहाऱ्यात असते. मान्य. पण सील लावणारी माणसे आणि पहारा देणारी माणसे विश्वासाची आहेत म्हणून मशीन सुरक्षित, असे म्हणायचे असेल तर ती माणसांची तारीफ झाली, मशीनची नव्हे. आणि ज्या पहाऱ्यातून एक मशीन बाहेर गेले, त्याच पहाऱ्याचा दाखला कसा द्यायचा?

दुसरे उत्तर असते, की हरणारेच बोंब मारतात. खरे आहे. २०१० मध्ये ईव्हीएमवर शंका घेणारे पुस्तक भाजपच्या जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी लिहिले आणि प्रस्तावना लालकृष्ण अडवाणींची होती. तेव्हा सत्तेतले मशीनची बाजू घेत होते. खुर्च्या बदलल्या, भाषणेही बदलली. म्हणूनच हा प्रश्न पक्षांवर सोडता येत नाही. मत आपले आहे, तर तपासणीचा आग्रहही आपणच धरला पाहिजे.

जगात हे झाले आहे. गाँग्रिप यांच्या गटाने २००६ मध्ये नेदरलँड्सची मतदान यंत्रे उघडून दाखवली. त्यांना कोणी तुरुंगात टाकले नाही, पुढे त्या देशाने ती यंत्रेच बाद केली. २००७ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने स्वतःहून यंत्रे आणि सोर्स कोड विद्यापीठाच्या संशोधकांच्या हाती दिला. २००९ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने सांगितले, की निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय पडताळता आले पाहिजेत.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये व्हीव्हीपॅटची चिठ्ठी आवश्यक ठरवली, हे मोठे पाऊल होते. एप्रिल २०२४ च्या निकालाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला काही मशीन तपासून घेण्याची मुभा दिली. पण तपासणार कोण? मशीन बनवणाऱ्या कंपनीचेच अभियंते. आपला हिशेब आपणच तपासायचा आणि आपणच बरोबर म्हणायचे!

कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ प्रोग्रॅम कसा चालतो हे अभ्यासण्याची काही मुभा देते. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकाला हात लावू देत नाही. कलम ६६ खाली गुन्हा ठरायला अप्रामाणिक हेतू लागतो, हे खरे. पण हेतू शुद्ध होता हे कोर्टात ठरेपर्यंत संशोधकाची वर्षे जातात. या भीतीने प्रामाणिक माणूस गप्प बसतो. चोराला अशी भीती नसते, तो दोष सापडल्यावर सांगायला येत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. चांगल्या हेतूने दोष शोधून आधी संबंधितांना कळवणाऱ्याला कायद्यात स्पष्ट संरक्षण द्या. निवडणूक आयोगाने यंत्रे स्वतंत्र तज्ज्ञांना उघडून तपासायला द्यावीत, फक्त लांबून बटणे दाबायला नव्हे. आणि अहवाल जनतेसमोर ठेवावा.

मशीन निर्दोष असेल तर या तपासणीतून ते सिद्धच होईल. मग उघडायला भीती कशाची?