पिलखान्याचा अपुरा न्याय

ज्या वार्षिक दरबारात शिपायाने आपली गाऱ्हाणी थेट महासंचालकांच्या कानी घालावयाची, त्याच दरबारात २५ फेब्रुवारी २००९ रोजी सकाळी बांगलादेश रायफल्स या सीमादलाच्या शिपायांनी आपल्या अधिकाऱ्यांवर बंदुका रोखल्या. आणि दुसऱ्या दिवशी, रणगाडे ढाक्याच्या रस्त्यांवर आल्यानंतर, त्यांनी शस्त्रे खाली ठेवली, तोवर पिलखाना येथील त्या मुख्यालयात ७४ माणसे प्राणास मुकली होती. त्यांत महासंचालक मेजर जनरल शकील अहमद यांच्यासह लष्कराचे ५७ अधिकारी होते. महासंचालकांच्या पत्नीलाही मारेकऱ्यांनी सोडले नाही. कित्येक प्रेते आवारातच घाईघाईने पुरलेली, तर काही गटारात लोटून दिलेली आढळली. शिपायांची तक्रार होती की वरचे सारे हुद्दे लष्करातून आलेल्यांच्या हाती, वेतन व शिधा तुटपुंजा, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाण्याची वाट बंद, आणि रास्त भावाने धान्य विकण्याच्या ‘डाळ-भात’ योजनेचा हिशेब संशयास्पद. यातील प्रत्येक तक्रार खरी मानली, तरी त्या संहाराचे समर्थन होऊ शकत नाही, हे आम्ही प्रारंभीच निःसंदिग्धपणे नमूद करतो.

परंतु अपराध जितका घोर, तितकी न्यायाची जबाबदारी जड. आणि ती पेलण्यात ढाक्याचे राज्यकर्ते उणे पडले, असे आमचे स्पष्ट मत आहे. आरंभ आशादायक होता. सीमादलाच्या स्वतःच्या कायद्यात बंडाला सात वर्षांच्या कैदेपलीकडे शिक्षा नव्हती, म्हणून लष्करी कायदा लावता येईल काय, असा सवाल राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाकडे धाडला, तेव्हा न्यायालयाने नकार दिला, आणि संतप्त लष्कराच्या दडपणाखाली असतानाही शासनाने तो मानला. खुनाचा खटला त्यामुळे मुलकी फौजदारी न्यायालयात गेला, हे त्या देशाला भूषणावह होते.

पुढे मात्र सर्व बिघडले. दलाच्या विशेष न्यायालयांनी सुमारे सहा हजार शिपायांना बंडाबद्दल दोषी ठरविले. खुनाच्या खटल्यात साडेआठशेच्या आसपास आरोपी बक्षीबाजारातील तात्पुरत्या उभारलेल्या न्यायालयात एकत्र बसविण्यात आले, आणि ५ नोव्हेंबर २०१३ रोजी दीडशेहून अधिक जणांना फाशी सुनावण्यात आली. २०१७ साली उच्च न्यायालयाने १३९ फाशी कायम केल्या. कोठडीत छळ झाल्याच्या व त्यात काही आरोपी मृत्यू पावल्याच्या तक्रारी मानवाधिकार संघटनांनी नोंदविल्या, त्यांची समाधानकारक तड लागली नाही. एवढ्या प्रचंड जमावात कोणी गोळी झाडली, कोण केवळ भयाने बराकीत दडून राहिला, याचा निवाडा न्यायाधीशाने कोणत्या पुराव्यावर करावा? मारहाणीतून निघालेली कबुली हा पुरावा नव्हे.

याहून क्लेशदायक प्रकार सुटलेल्यांचा. खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरलेल्या कित्येक शिपायांवर स्फोटकांचा दुसरा खटला तसाच रेंगाळत ठेवलेला होता, म्हणून त्यांची बेडी निघाली नाही. अखेर जानेवारी २०२५ मध्ये दीडशेहून अधिक जण जामिनावर तुरुंगाबाहेर आले, तेव्हा जवळजवळ सोळा वर्षे लोटली होती. न्यायालयाने ज्याला निर्दोष म्हटले, त्याला कैदेत ठेवणारे राज्य आपल्याच न्यायालयाचा अवमान करते.

दलाचे नाव बदलून ‘बॉर्डर गार्ड बांगलादेश’ करण्यात आले व बंडाला मृत्युदंड देणारा नवा कायदाही झाला. पंतप्रधान शेख हसीना यांची राजवट कोसळल्यानंतर हंगामी शासनाने नव्याने चौकशी आयोग नेमला, हे इष्टच. तथापि कालच्या सत्ताधाऱ्यांवर ठपका ठेवण्याच्या भरात पुराव्याची कसोटी ढिली होता कामा नये, कारण मग एका सूडाच्या जागी दुसरा सूड येईल आणि मृत अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना सत्य कळणार नाही ते नाहीच. ढाक्याच्या न्यायपीठांना आमची विनंती एवढीच आहे की फाशीच्या छायेत असलेल्या प्रत्येक शिपायाचा पुरावा स्वतंत्रपणे तपासावा, छळातून मिळालेला प्रत्येक जबाब बाजूला काढावा आणि स्फोटकांचा खटला विनाविलंब निकाली काढावा.