हळद काढणीचे यंत्र : एजन्सी घ्यावी की वर्कशॉप?

फेब्रुवारी-मार्चमध्ये मेहकर, चिखली, लोणार भागात हळदीचा पाला कापून झाला की शेतकऱ्याची खरी धावपळ सुरू होते. वीतभर खोल बसलेले गड्डे कुदळीने खणायला मजूर मिळत नाहीत आणि मिळालेच तर मागतील ती मजुरी द्यावी लागते. सोयाबीन, गव्हाला हार्वेस्टर आला. हळद-आल्याचे बहुतेक काम मात्र अजून माणसाच्या कंबरेवर आहे. त्यामुळे कंद काढणीच्या परदेशी यंत्राची एजन्सी घ्यावी काय, अशी विचारणा आपले काही तरुण व्यापारी करू लागले आहेत. उमेद चांगली आहे, पण दुकान-घर गहाण टाकून पैसा गुंतवण्यापूर्वी हा व्यापार कसा चालतो ते पाहणे आवश्यक आहे.

सीमाशुल्काच्या यादीत कंदमुळे काढणाऱ्या यंत्रांचा क्रमांक ८४३३.५३ आहे. त्यांच्या सुट्या भागांची नोंद मात्र ८४३३.९० या वेगळ्या क्रमांकाखाली होते. केवळ पहिल्या क्रमांकाचे आकडे पाहणाऱ्यास व्यापाराचे अर्धेच चित्र दिसते. परदेशी कंपन्या आता तयार यंत्र जहाजाने पाठवण्यावर थांबत नाहीत, त्या इथेच भागीदार शोधतात. जर्मनीच्या ग्रिमे कंपनीने राजकोटच्या शक्तिमानशी भागीदारी केली. महिंद्राने २०२० मध्ये युरोपातील डेवुल्फच्या सहकार्याने बटाटा लावणीचे यंत्र बाजारात आणले. म्हणजे न्हावाशेव्यापर्यंत न जाता राजकोट किंवा पंजाबातूनच परदेशी बनावटीचे ज्ञान आपल्याकडे येऊ शकते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून मेहकर, सिंदखेडराजापर्यंत माल आणणेही सोपे झाले आहे.

अडचण वाहतुकीची नसून मातीची आहे. ही यंत्रे मुख्यतः बटाट्यासाठी आणि भुसभुशीत जमिनीसाठी घडलेली. आपली काळी जमीन सुकली की दगडासारखी होते, ओली असली की चिकटते. बटाटा सुटा-सुटा असतो, हळदीचा गड्डा मुळ्या आणि मातीसह एकसंध निघतो. ढेकळे साखळीत अडकतात, हळकुंडे तुटतात. गादीवाफ्याची रुंदी आणि ट्रॅक्टरच्या चाकांमधील अंतर जुळत नाही, ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळाव्या लागतात. त्यात महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर (२०१५-१६ची कृषिगणना). दोन-तीन ओळी एकदम काढणारे अजस्र यंत्र अशा तुकड्यात वळणार तरी कोठे?

माझ्या भावाने उत्तरेकडून जुने बटाटा-यंत्र आणले होते. दुसऱ्याच आठवड्यात साखळी तुटली. विकणाऱ्याने भाग पाठवला तोपर्यंत हळद शिजून, वाळून बाजारात गेली होती. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, त्यातले वीस दिवस यंत्र उभे राहिले तर भाड्याचा धंदा संपलाच म्हणायचा. म्हणून एजन्सी घेताना कमिशन किती हे नंतर विचारा. सुटे भाग कोणत्या गावी, किती दिवसांत मिळतील, हे आधी लिहून घ्या.

माझ्या मते आपला फायदा विक्रीपेक्षा दुरुस्ती-बांधणीत अधिक आहे. खामगाव, मलकापूर, चिखलीत वेल्डिंग आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करणारे अनेक हात आपल्या समाजात आहेत. मातीखालून फिरणारे पाते, मागे लोखंडी गजांची चाळणी, पीटीओवर चालणारा गिअरबॉक्स, एवढा साधा खणक ही मंडळी बनवू शकतात. गिअरबॉक्स आणि बेअरिंग बाहेरून आणावे, बाकीचे इथे घडवावे.

मात्र इथे एक गाठ आहे. शासकीय अनुदान अधिकृत केंद्राचा चाचणी अहवाल असलेल्या यंत्रालाच मिळते. वर्कशॉपमध्ये बनलेले यंत्र कितीही चांगले चालले तरी कागद नसेल तर शेतकरी पंजाबचेच घेणार. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात यंत्र चाचणी केंद्र आहे आणि खामगावहून अकोला काही दूर नाही. एकट्याला चाचणीचा खर्च जड वाटत असेल तर चार-पाच वर्कशॉपवाल्यांनी भागीदारीत एकच नमुना न्यावा. दुसरी गोष्ट कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून काढणी यंत्रांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, आयातदारालाही मिळाला. लोखंडावर मात्र १८ टक्के कायम आहे. जादा भरलेला कर परत मिळण्याची तरतूद आहे, पण तोपर्यंत लहान कारखानदाराचे भांडवल अडकून पडते. हिशेबाचा माणूस चांगला ठेवा, नाहीतर नफा फायलीतच राहील.

यंदाच्या हंगामात कोणी प्रयोग करणार असेल तर आधी यंत्र विकत घेऊ नये. भाड्याने आणून अर्धा एकर हळद काढावी, पाला कापल्यानंतर हलके पाणी देऊन वाफसा आल्यावर. शेजारच्या तेवढ्याच वाफ्यावर कुदळीने काढणी करावी. तुटलेली हळकुंडे, जमिनीत राहिलेला माल, डिझेल आणि वेचणीची मजुरी दोन्हीकडे वहीत लिहावी. ती वही हातात घेऊनच भागीदारांशी बोलायला बसावे.